छापलेला वेग आणि खरा वेग

(हीरक महोत्सवानिमित्त मानेसर येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



दिल्ली-जयपूर महामार्गाने गुरुग्राम मागे टाकले, की अरवलीच्या खुरट्या टेकड्यांच्या आश्रयाने मानेसरचे कारखाने सुरू होतात. मारुती सुझुकीचा मोटारींचा कारखाना येथे आहे. वाहने आणि इंजिने यांच्या चाचण्या घेणारी ‘आयकॅट’ ही संस्थाही येथेच आहे. इंजिनाच्या पट्टीवर छापलेली शक्ती ते खरोखर देते काय, किती वेळ देते, किती तापल्यावर देईनासे होते, हे पाहणे हा या गावाच्या नित्याच्या व्यवसायाचा भाग आहे. अशा गावी जुन्या संगणकाच्या प्रोसेसरवर छापलेल्या आकड्याविषयी बोलणे अप्रस्तुत ठरू नये.

या विषयाला एक निमित्तही आहे. शाळेच्या साठीनिमित्त काहीतरी द्यावे, अशी इच्छा माजी विद्यार्थ्यांच्या मनात येते, आणि कारखान्यांत, कचेऱ्यांत काम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे प्रथम येतात ते कोपऱ्यात रचून ठेवलेले जुने डेस्कटॉप. त्यांतील कोणता द्यावा? एकावर ३ गिगाहर्ट्झ असे लिहिलेले असते, दुसऱ्यावर १.८६. साहजिकच हात पहिल्याकडे जातो. त्यातच घरातील एखादा कॉलेजकुमार म्हणतो, ‘बाबा, दुसरासुद्धा ३ वर नेता येतो, बायोसमध्ये दोन आकडे बदलायचे फक्त.’ या दोन्ही प्रसंगी वडीलधाऱ्यांना काय उत्तर द्यावे हे कळत नाही. पहिल्या प्रसंगी निवड बहुधा चुकते. दुसऱ्या प्रसंगी मुलाचे म्हणणे खरे असते, पण अर्धेच.

प्रोसेसरमध्ये स्पंदांचा एक ताल असतो. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३०० कोटी स्पंद. प्रत्येक स्पंदाला प्रोसेसरच्या पोटातील कामे एकेक पाऊल पुढे सरकतात. स्पंद वाढवले तर पावले भराभर पडतील हे उघड आहे. परंतु पाऊल केवढे आहे हे त्या आकड्यात सांगितलेले नसते. पंगतीत आमटी वाढणारा पळी किती वेळा बुडवतो एवढेच मोजले आणि पळीचा आकार पाहिलाच नाही, तर पान किती भरले हे कळणार नाही. संगणकाच्या बाजारात पंधरा-वीस वर्षे ग्राहकांनी पळी किती वेळा बुडते तेवढेच मोजले, आणि कंपन्यांनीही त्यांना तेच मोजायला शिकवले.

आता हा आकडा प्रोसेसरवर येतो कोठून? पुष्कळांची समजूत अशी असते, की २.४ चा प्रोसेसर आणि ३ चा प्रोसेसर मुळातच निराळे घडवले जातात. वस्तुस्थिती बहुतेक वेळा तशी नसते. सिलिकॉनच्या एका चकतीवर एकाच नकाशाचे शेकडो तुकडे तयार होतात. त्यांची चाचणी होते आणि निवड होते. ठरावीक व्होल्टेज आणि ठरावीक तापमान यांच्या मर्यादेत जो तुकडा ३ गिगाहर्ट्झला न चुकता काम करतो त्यावर ३ छापतात, जो तेवढे करू शकत नाही त्यावर कमी आकडा छापतात. हापूसच्या पेटीत फळांची प्रतवारी होते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की आंब्यात कमी प्रतीचे फळ वरच्या पेटीत घालण्याचा मोह होतो आणि येथे कधी कधी उलटे घडते. स्वस्त मालाची मागणी जास्त असली, की वरच्या प्रतीचे तुकडेही खालचा आकडा छापून विकले जातात. शिवाय उन्हाळा, धूळ, विजेचा चढउतार आणि काही वर्षांची झीज हे सारे सोसूनही छापलेला आकडा खरा ठरावा, म्हणून निर्माता थोडी शिल्लक राखून ठेवतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे ही शिल्लक आजच खर्च करणे. शिल्लक असते हे खरे. ती किती आहे हे मात्र कोणत्याही तुकड्यावर लिहिलेले नसते.

हा उद्योग नवा नाही. १९८४ साली आयबीएमचा ‘एटी’ हा संगणक ६ मेगाहर्ट्झच्या वेगाने बाजारात आला. त्यातील स्पंद देणारा स्फटिक १२ मेगाहर्ट्झचा होता आणि तो चक्क काढता येत असे. लोकांनी १६ मेगाहर्ट्झचा स्फटिक आणून बसवला आणि किरकोळ खर्चात ८ चा वेग मिळवला. आयबीएमला हे रुचले नाही. पुढच्या आवृत्तीत कंपनीने अशी तजवीज केली, की वेग वाढवलेला दिसला तर यंत्र सुरूच होऊ नये.

परंतु ज्या प्रोसेसरने ओव्हरक्लॉकिंगला घराघरांत नेले तो इंटेलचा ‘सेलेरॉन ३००ए’. त्याची कथा थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे.

१९९८ च्या एप्रिलमध्ये इंटेलने स्वस्त ग्राहकांसाठी पहिला सेलेरॉन आणला. खर्च वाचवण्यासाठी त्यातील दुय्यम कॅश, म्हणजे प्रोसेसरने हाताशी ठेवलेली छोटी स्मृती, काढूनच टाकली होती. ओट्यावरचा मिसळणाचा डबा उचलून माळ्यावर ठेवावा तसे झाले. दर फोडणीला शिडी लावायची. टीका फार झाली. मग ऑगस्टमध्ये ३००ए आला. त्यात १२८ किलोबाइटची कॅश परत आली, आणि तीही थेट प्रोसेसरच्या तुकड्यावरच, त्याच्याच पूर्ण वेगाने चालणारी. महागड्या पेंटियम-टूमध्ये कॅश चौपट म्हणजे ५१२ किलोबाइटची होती, पण ती बाजूच्या वेगळ्या चिपांवर असे आणि अर्ध्या वेगाने चाले. स्वस्त धाकट्याकडे लहान पण चपळ डबा आणि महागड्या थोरल्याकडे मोठा पण संथ डबा, अशी ही गंमत झाली.

३००ए चा वेग ठरे तो असा: मदरबोर्डचा मूळ ताल ६६ मेगाहर्ट्झ, त्याची साडेचारपट म्हणजे ३००. ही साडेचारपट कंपनीने कुलूपबंद केली होती, आणि त्याला कारणही होते. त्या काळी काही लबाड व्यापारी कमी वेगाच्या प्रोसेसरवरचा आकडा खरवडून जास्त आकडा छापत आणि विकत. पटीला कुलूप लागले, पण मूळ ताल मदरबोर्डाच्या हाती राहिला. पेंटियम-टूच्या नव्या बोर्डांवर तो १०० करता येई. साडेचार गुणिले १०० म्हणजे ४५०. काही बोर्डांवर हे बायोसमधूनच होई. इतरत्र प्रोसेसरच्या पट्टीवरील बी-२१ या संपर्कबिंदूवर चिकटपट्टीचा बारीकसा तुकडा लावला, की बोर्ड आपोआप १०० चा ताल धरे. ३००ए चे पुष्कळसे तुकडे हा दीडपट वेग निमूटपणे सोसत आणि त्या वेळच्या सर्वांत महागड्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या, पेंटियम-टू ४५० च्या, खांद्याला खांदा लावून चालत. त्या थोरल्याची किंमत धाकट्याच्या चौपटीहून अधिक होती.

या कथेतील सर्वांत शिकवणारा भाग मात्र क्वचित सांगितला जातो. ६६ वरून थेट १०० ची उडी धोक्याची वाटून काही सावध माणसे मध्येच थांबत. ते ताल ८३ करत, म्हणजे प्रोसेसर साधारण ३७५ वर चाले. सावधगिरी म्हणून हे शहाणपणाचे दिसते. प्रत्यक्षात तेच अधिक धोक्याचे होते. कारण हार्ड डिस्क आणि इतर कार्डे ज्या पीसीआय मार्गावर बसत, त्याचा ताल मूळ तालाला भागून मिळे आणि तो ३३ असावा असे ठरलेले होते. ६६ ला दोनाने भागले की ३३. १०० ला बोर्ड तिनाने भागे, पुन्हा ३३. पण ८३ ला दोनानेच भागले जाई आणि उत्तर येई साडेएकेचाळीस. प्रोसेसर खुशीत असे आणि बिचारी हार्ड डिस्क घायकुतीला येऊन चुकीच्या नोंदी लिहू लागे. यंत्राचा एक भाग दुसऱ्याशी कोणत्या धाग्याने बांधला आहे हे ठाऊक नसेल, तर ‘थोडेच वाढवले’ या म्हणण्याला अर्थ राहत नाही.

एएमडीच्या वाटेवरही अशीच गंमत होती. २००० सालच्या सुमारास आलेल्या ड्युरॉन आणि अ‍ॅथलॉन प्रोसेसरांच्या पाठीवर काही बारीक पूल असत. ते तोडले, की पटीला कुलूप लागे. लोकांनी साध्या शिसपेन्सिलीने त्या तुटलेल्या पुलांवर रेघा ओढल्या. पेन्सिलीतील ग्रॅफाइटमधून वीज वाहते, पूल जुळतो, कुलूप उघडते. शाळेच्या कंपासपेटीतील वस्तूने एवढ्या मोठ्या कंपनीचे कुलूप उघडावे, याचा आनंद त्या पिढीतील विद्यार्थ्यांना किती झाला असेल!

आता तुलनेकडे वळू. येथे एका माणसाचे नाव घेणे उचित होईल, कारण त्याचा जन्म पुण्याचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण दिल्लीचे. विनोद धाम यांचा जन्म १९५० साली पुण्यात झाला. कुटुंब पंजाबी, फाळणीत रावळपिंडीहून आलेले. दिल्ली कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमधून १९७१ मध्ये ते पदवीधर झाले, दिल्लीतच अर्धवाहकांच्या एका कारखान्यात त्यांनी काही वर्षे काम केले आणि १९७५ मध्ये पुढील शिक्षणासाठी ते अमेरिकेत गेले. पुढे इंटेलमध्ये पेंटियमच्या निर्मितीचे नेतृत्व त्यांनी केले. १९९३ मध्ये पेंटियम बाजारात आला आणि संगणक म्हणजे पेंटियम असे समीकरण भारतातील जाहिरातींतही रूढ झाले. धाम १९९५ मध्ये इंटेलमधून बाहेर पडले आणि ‘नेक्सजेन’ या छोट्या कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीने विकत घेतली, आणि १९९७ मध्ये पेंटियमला आव्हान देणारा ‘के-६’ बाजारात आला. एका माणसाचा हात लागलेले दोन प्रतिस्पर्धी अशा रीतीने एकमेकांपुढे उभे राहिले.

त्यांतील श्रेष्ठ कोणता? त्या वेळच्या चाचण्यांचे उत्तर असे, की कशासाठी ते सांगा. पत्रे लिहिणे, हिशेबाचे तक्ते, कार्यालयीन कामे यांत के-६ पेंटियमच्या बरोबरीने किंवा पुढे जाई. पण दशांश अपूर्णांकांची सलग आकडेमोड आली, जशी त्रिमितीय खेळांत येते, की तो मागे पडे. कारण त्यातील अपूर्णांक हाताळणारा विभाग एक गणित पूर्ण झाल्याशिवाय दुसरे हाती घेत नसे. आकडा तोच, कंपनीचा दर्जाही तोच, आणि तरी निकाल कामागणिक उलटा. जुन्या प्रोसेसरांची तुलना करणाऱ्याने हा एकच दाखला मनात धरला तरी पुष्कळ झाले.

वेगाच्या आकड्याचा मोह ग्राहकांनाच होता असेही नव्हे. २००० च्या मार्च महिन्यात एएमडी आणि इंटेल या दोघांनी दोन दिवसांच्या अंतराने १ गिगाहर्ट्झची रेषा ओलांडली. एएमडी पहिली आली. चुरशीने पेटलेल्या इंटेलने त्याच वर्षी जुलैअखेर १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम-थ्री जाहीर केला. परीक्षकांनी तो हाती घेतला, लिनक्सचा गाभा त्यावर तयार करून पाहिला आणि काम मध्येच कोसळू लागले. महिनाभरात कंपनीला तो परत मागवावा लागला. स्वतःच्या कारखान्यात, स्वतःच्याच छापील आकड्याने, निर्मात्यानेच शिल्लक संपवली होती. ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्या एखाद्या पोराला रागे भरण्यापूर्वी ही घटना आठवावी.

त्यानंतर पेंटियम-फोर आला. त्याची रचनाच मुळी मोठा आकडा गाठण्यासाठी केलेली होती. काम वीस टप्प्यांत चिरून प्रत्येक टप्पा हलका केलेला. म्हणजे पळी लहान, पण हात फार भराभर. आरंभीचा १.४ गिगाहर्ट्झचा पेंटियम-फोर काही कामांत १ गिगाहर्ट्झच्या पेंटियम-थ्रीच्याही मागे राहिला. एएमडीने २००१ मध्ये तोडगा असा काढला, की १.५३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला ‘१८००+’ असे नाव दिले. इंटेलने २००४ मध्ये टप्पे ३१ वर नेले, उष्णता हाताबाहेर गेली आणि जाहीर केलेला ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम-फोर ऑक्टोबरमध्ये रद्द करावा लागला. कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी भर सभेत, थट्टेत का होईना, गुडघे टेकून त्याबद्दल क्षमा मागितली होती. मग २००६ च्या जुलैमध्ये कोअर-टू-ड्युओ आला. त्यातील १.८६ गिगाहर्ट्झचा लहान प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झच्या पेंटियम-फोरला बहुतेक कामांत मागे टाकत असे, आणि वीजही कमी खात असे.

आरंभी सांगितलेल्या ढिगाऱ्यातील ते दोन संगणक ते हेच. ३ वाला मागे ठेवावा आणि १.८६ वाला शाळेला द्यावा.

घरी तुलना करताना यंत्रावरचा आकडा वाचण्याऐवजी काम द्यावे आणि घड्याळ लावावे. दोन्ही संगणकांवर तीच फाइल, तेच सॉफ्टवेअर, तेवढीच रॅम आणि शक्य तर तीच डिस्क. एखादे मोठे फोल्डर झिप करायला द्यावे, एखादी चित्रफीत एका स्वरूपातून दुसऱ्यात बदलायला द्यावी, तीन वेळा वेळ नोंदवावी आणि मधली धरावी. दोन संगणकांत डिस्क निराळी असेल तर तुलना प्रोसेसरची होत नाही, डिस्कची होते. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये मिळणारी साधी एसएसडी जुन्या संगणकात बसवली, तर रोजच्या वापरात जो फरक जाणवतो तो ओव्हरक्लॉकिंगने सहसा जाणवत नाही. ही गोष्ट हौशी मंडळींना फारशी आवडत नाही, पण ती खरी आहे.

आता मानेसरच्या हवेविषयी. हा विषय जगभरच्या चर्चांत उपेक्षित राहतो, कारण त्या चर्चा बहुधा थंड प्रदेशांत होतात. प्रोसेसर किती वीज खाईल याचे गणित सोपे आहे: स्पंदांच्या प्रमाणात ती वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कोअर-टू-क्वाड क्यू-६६०० हा २००७ चा लोकप्रिय प्रोसेसर घेऊ. मूळ ताल २६६, पट ९, वेग २.४ गिगाहर्ट्झ; नंतरच्या आवृत्तीची उष्णता-मर्यादा ९५ वॅट. ताल ३३३ केला की वेग ३ गिगाहर्ट्झ होतो, म्हणजे सव्वापट. त्यासाठी व्होल्टेज दहा टक्के चढवावे लागले, तर वीज सव्वा गुणिले १.२१ म्हणजे सुमारे दीडपट होते. काम फार तर सव्वापट, उष्णता दीडपट. ९५ वॅटचे १४४ झाले. व्होल्टेज न चढवता तो तुकडा ३ वर चालला तर ११९ वर भागते. म्हणून जाणकार आधी मूळ व्होल्टेजवर काय जमते ते पाहतो.

पंखा आणि हीटसिंक प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड कधीच करू शकत नाहीत. खोली आणि प्रोसेसर यांच्या तापमानांतील अंतर तेवढे ते आटोक्यात ठेवतात. समजा, ९५ वॅटला हे अंतर ३५ अंशांचे आहे. मग १४४ वॅटला ते ५३ च्या घरात जाईल. खोली २४ अंशांवर असेल तर प्रोसेसर ७७ वर, ठीक आहे. मानेसरमध्ये मे-जूनच्या दुपारी लू वाहत असताना बंद खोली ४२ वर गेली, तर तोच प्रोसेसर ९५ वर जातो. साधारण १०० च्या आसपास हे प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून मंद होतात. म्हणजे जानेवारीच्या धुक्यात जे ओव्हरक्लॉकिंग यशस्वी झाले म्हणून मित्रांना दाखवले, ते मे महिन्यात मूळ वेगापेक्षाही कमी काम देण्याची शक्यता असते. त्यात हीटसिंकच्या पात्यांमध्ये बसलेली अरवलीची बारीक धूळ आणि दहा वर्षांत वाळून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट. ही धूळ ब्रशने झाडणे आणि जुनी पेस्ट पुसून नवी लावणे, एवढ्यानेही पुष्कळ जुने संगणक काही अंशांनी निवतात आणि छापलेल्या वेगाने पुन्हा चालू लागतात. सुरुवातीचे अ‍ॅथलॉन तर स्वतःला मंद करण्याचीही सोय नसलेले. हीटसिंक निघाला की काही सेकंदांत जळून जात.

बंद पडणे हा मात्र या प्रकरणातील मोठा धोका नव्हे. जो संगणक बंद पडतो तो निदान सांगून बंद पडतो. खरा धोका आहे तो चालू राहून चुकणाऱ्या संगणकाचा.

याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला ओव्हरक्लॉकिंगचा नाही. तो छापील वेगाने चालणाऱ्या पेंटियमचाच आहे. १९९४ मध्ये अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या अविभाज्य संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. उत्तर जुळेना. महिनोन्‌महिने त्यांनी प्रत्येक शक्यता तपासली, आणि दोष अखेर प्रोसेसरच्या भागाकारात निघाला. भागाकारासाठी चिपवर कोरलेल्या कोष्टकातील पाच नोंदी गळल्या होत्या. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले तर उत्तर १.३३३८२ यायला हवे. तो पेंटियम १.३३३७३ सांगे. यंत्र थांबत नसे, लाल दिवा लागत नसे, उत्तर मोठ्या ऐटीत पडद्यावर येई. इंटेलला अखेर सदोष प्रोसेसर बदलून द्यावे लागले आणि त्यासाठी कंपनीने ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढले.

शिल्लक संपवलेला प्रोसेसर नेमके हेच करू शकतो, फक्त त्याची चूक रोज निराळ्या ठिकाणी होते. गुणपत्रिकेच्या तक्त्यात एखादा आकडा बदलेल, पंचवीस वर्षांपूर्वीच्या संमेलनाचे छायाचित्र जतन करताना त्याच्या खालच्या भागात हिरवे पट्टे उमटतील, आणि कित्येक महिन्यांनी ते लक्षात येईल, तोवर मूळ प्रत पुसून गेलेली असेल. शाळेच्या कार्यालयातील संगणक, घरातील हिशेबाचा किंवा आजोबांच्या औषधांच्या नोंदींचा संगणक, यांचा वेग वाढवू नये तो एवढ्याचसाठी. खेळ रंगतो आहे म्हणजे यंत्र बिनचूक आहे असे ठरत नाही, कारण खेळातील एखादा चुकलेला ठिपका कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून चाचणीसाठी वापरतात ते ‘प्राइम-९५’ हे सॉफ्टवेअर. ते मुळात फार मोठ्या अविभाज्य संख्या शोधण्यासाठी लिहिले गेले. त्यातील ताण-चाचणी प्रोसेसरला अवघड गणिते घालते आणि आधीच ठाऊक असलेल्या उत्तरांशी ताडून पाहते. एक जरी चूक झाली तरी थांबते. अविभाज्य संख्यांनीच पेंटियमची चूक पकडून दिली आणि त्याच संख्या आजही प्रोसेसरची परीक्षा घेतात, हा योगायोग गणिताच्या शिक्षकांना आवडावा. ही परीक्षा दहा मिनिटांची नसते. ती काही तासांची, शक्य तर रात्रभराची असावी. आणि मानेसरसारख्या ठिकाणी ती दुपारी घ्यावी, पहाटे नव्हे. रॅमसाठी ‘मेमटेस्ट’ निराळी.

वेग वाढवणे हाच शक्ती वाढवण्याचा मार्ग असतो असेही नाही, हे सांगायला मानेसरमध्येच एक साक्षीदार आहे. येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात ज्या अवयवाचा अभ्यास चालतो, त्यातील एखादी पेशी सेकंदाला फार तर काही शे वेळा स्पंदते. १९८४ च्या त्या ‘एटी’शीही तिची तुलना होणार नाही. पण अशा सुमारे ८,६०० कोटी पेशी एकाच वेळी काम करतात, आणि त्यांना मिळून वीज लागते २० वॅटच्या आसपास. पुण्याच्या सी-डॅकमध्ये विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला, तोही एक अतिवेगवान प्रोसेसर मिळवून नव्हे. परदेशातून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचे छोटे ‘ट्रान्सप्युटर’ प्रोसेसर घेऊन त्यांनी ते एकत्र जुंपले. आजचे डेस्कटॉप प्रोसेसरही स्पंद वाढवण्यापेक्षा गाभे वाढवण्याच्याच वाटेने गेले आहेत.

तेव्हा शाळेला जुने संगणक देताना माजी विद्यार्थ्यांनी काही साध्या गोष्टी पाहाव्यात. पेंटियम-फोरचे संच, आकडा कितीही मोठा असो, देऊ नयेत. ते शाळेचे वीजबिल वाढवतील. वीस संगणकांच्या वर्गात प्रत्येकी ५० वॅट जास्त लागले तर तासाला एक युनिट अधिक जाते, सहा तासांना सहा. बोर्डावरचे फुगलेले कपॅसिटर बघावेत. डबीचा माथा सपाट नसून उचललेला दिसला तर तो बोर्ड देऊ नये. कोणी हौसेने वेग वाढवून ठेवला असेल तर बायोसमध्ये जाऊन मूळ मूल्ये परत आणावीत, आणि मगच रात्रभराची परीक्षा घ्यावी. एसएसडी आणि थोडी रॅम घालून त्यावर लिनक्स चढवले, तर मराठी टंकलेखन, तक्ते आणि प्रोग्रामिंगचे पहिले धडे यांसाठी कोअर-टू-क्वाडचा संच अजूनही पुरतो.

आणि त्या ढिगाऱ्यातील एक संगणक निराळा द्यावा. त्यावर महत्त्वाचे काहीही साठवलेले नसावे, तो शाळेच्या जाळ्याला जोडलेला नसावा, आणि त्याच्या बायोसला पासवर्ड नसावा. नववी-दहावीच्या मुलांनी तो उघडावा, ताल २६६ वरून २७५, २८५ असा टप्प्याटप्प्याने वाढवावा, प्रत्येक टप्प्याला अर्धा तास प्राइम-९५ चालवावे. शेजारी एक वही असावी. तिच्यात चार रकाने: तारीख, खोलीचे तापमान, प्रोसेसरचे तापमान, आणि गणिते बरोबर आली की नाही. त्या वहीत जानेवारीच्या पानावर ३३३ च्या पुढे ‘बरोबर’ असे लिहिलेले असेल आणि मेच्या पानावर त्याच आकड्यापुढे ‘चूक, सतरा मिनिटांनी’ असे लिहिलेले असेल, तेव्हा ती दोन पाने विज्ञानाच्या सरांनी वर्गात शेजारीशेजारी धरावीत आणि मुलांना विचारावे, की बायोसमध्ये काहीच बदलले नव्हते, तर बदलले काय?